शेळीची खरूज आणि शेतमजुराचे अंगण

ऐप्पसि आणि कार्तिगै हे तमिळ पंचांगातील दोन महिने, म्हणजे ढोबळमानाने मध्य ऑक्टोबर ते मध्य डिसेंबर, कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात पावसाचे असतात. महाराष्ट्रात पीक खळ्यावर येत असते तेव्हा तंजावूरच्या शेतांत सांब्याचे भात गुडघाभर पाण्यात उभे असते. मेट्टूर धरणाचे दरवाजे रिवाजाप्रमाणे १२ जूनला उघडतात, कालव्यांना पाणी येते, आणि तेथून भाताची कापणी होईपर्यंत जमिनीचा प्रत्येक मोकळा तुकडा पिकाखाली जातो. बांधावर शेळी सोडली तर ती भातात शिरते, आणि शिरली की दंड, भांडण, क्वचित मारहाण. म्हणून भूमिहीनांच्या वस्तीतील शेळ्या या काळात झोपडीच्या पडवीत, ओल्या मातीवर, एकमेकींना खेटून बांधलेल्या असतात. तोडून आणलेला पाला त्यांच्यापुढे टांगला जातो. काही आठवड्यांनी एखादी शेळी कुडाला अंग घासू लागते, दुसरीच्या ओठांवर खपली धरते, तिसरीच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबते. घरची बाई ते पाहते. पण मजुरीला जाण्याच्या घाईत आणि पशुवैद्य दूर असल्यामुळे पाहिलेले मनातच राहते.

या पृष्ठावर शेळीच्या खरजेची चर्चा कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. त्याचे उत्तर आकड्यांपासून द्यावे लागते. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात १४ कोटी ८८ लाख शेळ्या आहेत. त्यांपैकी सुमारे ९९ लाख तमिळनाडूत आणि सुमारे १ कोटी ६ लाख महाराष्ट्रात. गाय-म्हशीप्रमाणे शेळी जमीन मागत नाही, बैलाप्रमाणे भांडवल मागत नाही. त्यामुळे ज्याच्याजवळ जमीन नाही आणि भांडवलही नाही त्याच्या घरी ती असते. तिला गरिबाची गाय म्हणण्याची आपल्याकडे रीतच आहे. मात्र गायीच्या वाट्याला येणारे दवाखाने, संस्था आणि अंदाजपत्रके या गरिबाच्या गायीच्या वाट्याला त्या प्रमाणात आली, असे कोणी म्हणणार नाही.

तंजावूरच्या संदर्भात याला आणखी एक अर्थ आहे. जुन्या तंजावूर जिल्ह्यातील पण्णैयाळ, म्हणजे जमीनदाराच्या पदरी बांधलेला शेतगडी, याची मजुरी भाताच्या मापाने मोजली जाई, झोपडी मालकाच्या जागेत असे, आणि मालकाची मर्जी गेली की दोन्ही जात. १९५२ च्या तंजावूर कूळ व पण्णैयाळ संरक्षण कायद्याने या संबंधाला प्रथमच कायद्याची मर्यादा घातली. पण मापाचा झगडा संपला नाही. पूर्व तंजावूरमधील किळवेण्मणी येथे १९६८ च्या २५ डिसेंबरच्या रात्री ४४ दलित शेतमजूर, त्यांच्या बायका व मुले जाळून मारण्यात आली, त्या झगड्याच्या मुळाशी मजुरीच्या भाताचे माप होते. ज्या घरातील धान्य, काम आणि निवारा सारेच दुसऱ्याच्या हातात, त्या घरात शेळी ही मालकाला न विचारता विकता येणारी पहिली वस्तू होती. मुलाचे आजारपण, शाळेची फी, संप लांबला तर चार दिवसांची पेज, हे सर्व तिच्यावर निभावले. आजही निभावते.

सरकारांना हे कळले नाही असे नाही. तमिळनाडूत सप्टेंबर २०११ मध्ये अतिगरीब ग्रामीण कुटुंबांना प्रत्येकी चार शेळ्या वा मेंढ्या विनामूल्य देण्याची योजना सुरू झाली. पाच वर्षांत सात लाख कुटुंबे, म्हणजे अठ्ठावीस लाख जनावरे, असे तिचे उद्दिष्ट होते. महाराष्ट्रातही शेळी गट वाटपाच्या योजना अनेकदा आल्या. वाटप मोजता येते, त्याचे छायाचित्र काढता येते. वाटलेली शेळी दुसरा पावसाळा पाहते की नाही, हे मात्र वाटपाच्या दिवशी ठरत नाही. ते पडवीत, रोजच्या पाहण्याने ठरते. शिवाय सर्व शेळ्या स्वतःच्या नसतात. तमिळनाडूत ‘वारम’ आणि आपल्याकडे ‘अर्धली’ म्हणतात ती पद्धत सर्वपरिचित आहे: मादी एकाची, पोसणारा दुसरा, करडे वाटून घ्यायची. या व्यवहारात औषधाचा खर्च कोणी करायचा हे बहुधा बोललेलेच नसते. खरूज लागून शेळी वाळली तर मालकाचे भांडवल जाते. पोसणाऱ्याचे वर्षभराचे श्रम जातात, आणि वर ‘नीट राखली नाहीस’ हा ठपका येतो. तेव्हा शेळीची खाज लहान असेल, पण तिचा हिशेब लहान नाही.

आता मूळ विषयाकडे वळू. शेळी आजारी पडण्यापूर्वी सांगते, फक्त ते ऐकण्यासाठी रोज सकाळी पाला टाकताना दोन मिनिटे उभे राहावे लागते. निरोगी शेळी उठताना अंग ताणते, पाल्याकडे झेपावते, बसली की रवंथ करते. लेंड्या सुट्या व गोल असतात, नाक ओलसर पण वाहते नसते, केसांना चकाकी असते. शरीराचे तापमान १०२ ते १०३ अंश फॅरनहाइटच्या आसपास असते. उन्हात वा धावपळीनंतर थोडे चढते. जी शेळी कळपापासून बाजूला मान खाली घालून उभी राहते, पाल्याला नुसते तोंड लावते आणि जिच्या अंगावरचे केस उभे राहिलेले दिसतात, तिला त्याच दिवशी हात लावून पाहावे. हा सारा तपास कोणत्याही पदवीशिवाय होतो.

त्वचेचा प्रश्न आला की पहिली खूण खाजेची, आणि दुसरी जागेची. शेळी सतत अंग घासते, दातांनी ओरबाडते, आणि केस गळून चामडी जाड, सुरकुतलेली, पांढुरक्या खपल्यांनी झाकलेली होते, तेव्हा ती बहुधा खरूज असते. तमिळमध्ये हिला ‘सोरी’ म्हणतात; शब्द माणसाच्या आणि जनावराच्या खाजेला एकच आहे, मराठीतही तसेच आहे, आणि त्यात तथ्य आहे. खरजेचे कीटक डोळ्यांना न दिसणारे, कोळ्याच्या जातीचे. त्यांतील एक जात चामडीत बिळे करते. तिची सुरुवात नाक, डोळ्यांभोवतीचा भाग आणि कानांच्या कडांपासून होऊन ती मान व पोटाकडे पसरते. हीच जात शेळी हाताळणाऱ्याच्या मनगटावर वा पोटावर तात्पुरती खाज आणते. घरातील लहान मूल करडाला कवटाळून झोपत असेल तर प्रथम त्याच्या अंगावर पुरळ दिसेल. दुसरी जात कानात राहते: शेळी डोके झटकते, कान तिरपा धरते, आत मेणासारख्या पापुद्र्यांचा थर सापडतो. तिसरी पायांच्या खालच्या भागात खपल्या धरते. चौथीची गोष्ट वेगळी. तिच्यात खाज जवळजवळ नसते. मान, खांदे आणि चेहऱ्याच्या चामडीत वाटाण्याएवढ्या गाठी हाताला लागतात, आणि दाबल्यास त्यातून घट्ट मेणचट पदार्थ येतो. ही गाठीची खरूज बरी होण्यास अतिशय चिवट असते, आणि कातड्याच्या किमतीचे सर्वांत अधिक नुकसान हीच करते.

उवांची गोष्ट खरजेसारखी वाटते, पण फरक पाहणे सोपे आहे. पाठीवरचे आणि मानेवरचे केस उन्हात दोन्ही हातांनी फाकवावेत. उवा हलताना दिसतात, लिखा केसांना चिकटलेल्या दिसतात. खरजेत दिसण्यासारखे काही नसते, उवांत असते. चावणाऱ्या उवांनी केस विस्कटतात व झडतात. रक्त शोषणाऱ्या उवांनी करडे पांढरीफटक पडतात. ऊ शेळीचे अंग सोडून फार दिवस जगत नाही, आणि शेळीची ऊ माणसाच्या डोक्यात घर करीत नाही. तरीही उवा झालेल्या करडांना पोरांपासून दूर बांधणारी घरे पुष्कळ, तर खरजेच्या शेळीशी बेफिकीर वागणारीही पुष्कळ. भीती आणि धोका यांच्या जागा येथे उलट झालेल्या आहेत. गोचीड मात्र जनावराइतकीच भिंतीत राहते. कानाच्या आत, शेपटीखाली, कासेजवळ ती शोधावी, आणि मातीच्या भिंतीच्या भेगा चुना व शेण घालून लिंपाव्यात. अनेक पुस्तकांत भिंतीला ज्वाला दाखवून गोचीड मारण्याचा सल्ला असतो. नारळाच्या झापांनी शाकारलेल्या झोपडीला तो देणाऱ्याने ती झोपडी पाहिलेली नसते, इतकेच म्हणता येईल.

गोल, राखाडी, कोरडे, केस तुटलेले चट्टे आणि खाज जवळपास नाही, हे गजकर्णाचे लक्षण. ही बुरशी आहे. कोंदट, अंधाऱ्या जागेत व करडांत अधिक, आणि माणसाला लागणारी. लाकडी खुंट्यांवर तिचे बीज महिनोन् महिने टिकते. पावसात सतत भिजणाऱ्या शेळीच्या पाठीवर जाड खपल्या धरतात, त्या उचलल्या तर केसांचा झुबका रंगाच्या कुंचल्यासारखा खपलीबरोबर निघतो आणि खाली ओली, लालसर चामडी दिसते: हा जंतूंचा आजार असून ओल हेच त्याचे मूळ कारण. त्याला छप्पर हे पहिले औषध आहे.

ओठांवरचे फोड हा स्वतंत्र विषय. करडांच्या ओठांच्या कोपऱ्यांत आणि नाकपुड्यांभोवती पुरळ येऊन त्यांच्या काळपट, जाड खपल्या होतात, याला महाराष्ट्रात मावा म्हणतात. हा विषाणूचा आजार तीन-चार आठवड्यांत बहुधा आपोआप ओसरतो. पण तेवढ्या काळात करडू पिऊ शकत नाही आणि उपासाने मरते. पिताना ते आईच्या सडांना संसर्ग देते, आई दुखऱ्या सडांनी लाथ मारते, आणि एकाचे दोन रोगी होतात. तंजावूरच्या कोरड्या भागांत आणि मराठवाड्यातही वेड्या बाभळीच्या काट्यांनी ओठ खरचटले की विषाणूला वाट मिळते. खपली ओढून काढू नये. पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्याने तोंड धुऊन बोरोग्लिसरीन लावावे, करडाला वाटीने वा बाटलीने दूध पाजावे. पडलेल्या खपल्या गोळा करून जाळाव्यात, कारण कोरड्या जागी त्यांत विषाणू दीर्घकाळ जिवंत राहतो. हाताळणाऱ्याच्या बोटांवरही तसाच फोड उठतो. हातमोजा नसेल तर प्लास्टिकची पिशवी हाताला गुंडाळावी आणि नंतर साबणाने हात धुवावेत.

याच फोडांची गल्लत देवीशी होते, आणि येथे गल्लत महाग पडते. मावा ओठांपाशी राहतो, शेळी एरवी ठीक दिसते. देवीत आधी सणसणून ताप येतो, डोळे-नाक वाहू लागते, आणि मग केस विरळ असलेल्या जागी, म्हणजे ओठ, कास, मांड्यांची आतली बाजू, शेपटीखाली, कठीण गोल पुरळ उठते. देवी हा किरकोळ आजार नव्हे. तिची लस उपलब्ध आहे, आणि पुरळ दिसल्यावर त्या दिवशीच दवाखान्याला कळवावे.

त्वचेवर दिसणारे प्रत्येक लक्षण त्वचेचे नसते, हे या विषयातील सर्वांत उपेक्षित सत्य आहे. काळ्या शेळीचे केस तांबूस, राठ पडले तर ते तांब्यासारख्या सूक्ष्म खनिजांच्या उणिवेचे चिन्ह असू शकते. घाणेरी ऊर्फ टणटणी खाल्लेल्या शेळीचे यकृत बिघडते आणि मग उन्हात कान, नाक व पांढऱ्या चामडीचे भाग भाजल्यासारखे सुजून सोलतात. तेथे मलम लावून उपयोग नाही, शेळी सावलीत घ्यावी लागते आणि चारा बदलावा लागतो. आणि जबड्याखाली लोंबणारी ती पाण्याची पिशवी? ती गळ्याचा आजार समजून डागली जाते. वास्तविक ती पोटातून बोलते. चौथ्या जठरात राहणारा एक धाग्याएवढा जंत शेळीचे रक्त पितो. एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त घालवतो, म्हणजे हजार जंत रोज ५० मिलिलिटर. शेळीच्या रक्तातील प्रथिने संपली की पाणी रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपते आणि दिवसभर मान खाली घालून चरणाऱ्या शेळीच्या जबड्याखाली साठते. तंजावूरसारख्या ओल्या प्रदेशात या जंताच्या अंड्यांतून आठवड्याच्या आत नवे डिंभ तयार होतात आणि दवाने ओल्या गवताच्या पात्यांवर चढून बसतात. भातशेतातील गोगलगायींतून येणारा यकृतातील चपटा कृमीही हीच सूज आणतो.

ही पांडुरता ओळखण्याची युक्ती दक्षिण आफ्रिकेतील फ्रान्स्वा मालान या पशुवैद्याने रूढ केली, आणि ती कोणत्याही निरक्षर पशुपालकाला पाच मिनिटांत शिकता येते. अंगठ्याने खालची पापणी खाली ओढावी आणि आतल्या अस्तराचा रंग उजेडात पाहावा. गडद लाल असेल तर शेळी ठीक आहे. गुलाबी असेल तर लक्ष ठेवावे. फिकट गुलाबी, कागदासारखा पांढरा दिसला तर औषध त्याच दिवशी. यातील मोल केवळ निदानाचे नाही. सर्व कळपाला दर महिन्याला डोळे मिटून जंतनाशक पाजल्याने जंत औषधाला सरावतात, आणि मग खऱ्या गरजेच्या वेळी बाटली निकामी ठरते. ज्या शेळीची पापणी पांढरी तिलाच औषध, या नियमाने पैसेही वाचतात आणि औषधाची धारही. दव सुकल्यावर चरायला सोडणे आणि पाला जमिनीवर न टाकता खांद्याच्या उंचीवर टांगणे, या दोन गोष्टींना तर पैसाच लागत नाही. पाला टांगण्याची तंजावूरची रीत या दृष्टीने शहाणपणाची आहे, तिला कारण ठाऊक असो वा नसो.

खुरांबद्दल थोडक्यात: ओल्या जागेवर बांधलेल्या शेळीची खुरे वाढतात, त्यांच्या दुमडीत घाण साचते, दोन नख्यांमधील चामडी कुजून दुर्गंधी येते आणि शेळी गुडघ्यांवर बसून चरते. खुरे वेळेवर छाटली आणि बांधण्याची जागा विटांचा चुरा वा बांबूची ताटी टाकून उंच केली तर हा त्रास बव्हंशी टळतो. मात्र लंगडणे आणि तोंडातून लाळ गळणे एकदम आले तर ते खुरकुजीचे नव्हे, लाळ्या-खुरकूताचे लक्षण असते.

उपचारांचा विचार करताना तंजावूरचा इतिहास मराठी वाचकाला खुणावतो. १६७६ ते १८५५ या काळात तेथे भोसल्यांचे राज्य होते. १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेल्या दुसऱ्या सरफोजींनी सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केले आणि धन्वंतरी महाल नावाची औषधशाळा चालवली, जिथे माणसांबरोबर जनावरांसाठीही औषधे तयार होत. त्या ग्रंथालयाने पुढे प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत गजशास्त्र आहे, अश्वशास्त्र आहे. हत्ती आणि घोडा ही राजाची जनावरे. त्यांची लक्षणे पोथीत चित्रांसह उतरली. शेळीचे ज्ञान ती राखणाऱ्या बायकांच्या आणि कोनार मेंढपाळांच्या जिभेवर राहिले. भाताची कापणी झाली की हे मेंढपाळ रामनाथपुरमच्या बाजूने आपले कळप घेऊन येतात आणि शेतांत खतासाठी रात्री बसवतात, जसे आपल्याकडे धनगर बसवतात. नव्या पशुविज्ञानानेही हीच पायरी पाळली. पुण्यात १८८९ साली शाही जंतुशास्त्र प्रयोगशाळा स्थापन झाली ती गुरांच्या बुळकांडीसारख्या साथी आणि साम्राज्याच्या गरजा समोर ठेवून. शेळी त्या यादीत फार खाली होती.

अलीकडे हे चित्र थोडे बदलले आहे, आणि त्यात तंजावूरचा वाटा आहे. जिल्ह्यातील ओरत्तनाडु येथे, जेथे सरफोजींच्या काळातले मुक्तांबाळ छत्र उभे आहे, २०१२ साली राज्याच्या पशुवैद्यक विद्यापीठाचे महाविद्यालय सुरू झाले. तंजावूरलगतच्या पिळ्ळैयार्पट्टी येथील विद्यापीठाच्या केंद्राने परसातील वनस्पतींच्या पशुउपचारांवर काम करून पशुपालकांना प्रशिक्षण दिले. कडुलिंब, हळद, लसूण, तुळस, मेंदी आणि बांधावर वाढणारी खोकली, जिला तमिळमध्ये कुप्पैमेनी म्हणतात, खोबरेल वा तिळाच्या तेलात उकळून खुरांच्या जखमांवर लावण्याची कृती अशाच प्रयत्नांतून दूरवर गेली. करंजाचे व कडुलिंबाचे तेल, सीताफळाच्या पाल्याचा लेप, ही आपल्याकडचीही जुनी माहिती आहे.

तथापि परंपरा म्हणून सारेच डोळे झाकून घ्यावे असे नाही. कडुलिंबाच्या तेलाने सुरुवातीच्या खरजेचा दाह कमी होतो; पण कळपभर पसरलेली, चामडीत बिळे केलेली खरूज त्याने हटत नाही. तेथे आयव्हरमेक्टिन लागते. जपानच्या मातीतील सूक्ष्म जीवापासून साधलेल्या या औषधाबद्दल सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ते वजनाच्या प्रमाणात, किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, चामडीखाली टोचतात. कीटकांच्या अंड्यांवर त्याचा परिणाम होत नसल्याने दहा ते चौदा दिवसांनी दुसरी मात्रा द्यावीच लागते. दुसरी मात्रा चुकणे हे ‘औषध लागू पडत नाही’ या तक्रारीचे नेहमीचे कारण आहे. एकाच वेळी सर्व शेळ्यांना द्यावे, फक्त खाजणाऱ्या शेळीला नव्हे. टोचल्यानंतर वेष्टनावर दिलेल्या मुदतीपर्यंत ती शेळी कापू नये आणि दूध वापरू नये. आणि वापरलेले इंजिन ऑइल, रॉकेल, पिकावर फवारण्याचे कीटकनाशक अंगाला फासण्याचा प्रघात तर तात्काळ थांबला पाहिजे. शेळी अंग चाटते. फासलेले विष तिच्या पोटात जाते, फासणाऱ्या बाईच्या हातात मुरते. हे अज्ञान आहे असे म्हणणे सोपे आहे. पण इंजिन ऑइल गॅरेजमध्ये फुकट मिळते आणि पशुवैद्य दुपारपर्यंतच भेटतो, त्या वेळी ती बाई दुसऱ्याच्या शेतात रोप लावत असते. दवाखान्याची वेळ मालकाच्या दिवसावर बेतलेली आहे, मजुराच्या नव्हे.

बाजारात या साऱ्याचा भाव ठरतो. कानाच्या कडेला खपली दिसली की व्यापारी ‘रोगट’ म्हणून किंमत पाडतो. विकणाऱ्याला तो मावा आहे की देवी, दहा दिवसांत बरे होणारे आहे की नाही, हे ठाऊक नसेल तर ती मिळेल त्या भावाला दावे सोडते. तोच व्यापारी दोन इंजेक्शने देऊन महिन्याभराने चांगल्या भावाने विकू शकतो. नफ्याचा हा भाग केवळ माहितीच्या अंतरातून येतो. कातड्याचा हिशेब वेगळाच. तमिळनाडू हे चर्मोद्योगाचे मोठे केंद्र. वाणियम्बाडि, आम्बूर, राणीपेट, दिंडुक्कल येथील कारखान्यांत शेळीच्या कातड्याची प्रतवारी होते, चेन्नईत १९४८ पासून केंद्रीय चर्म संशोधन संस्था आहे. देवीचे व्रण, गोचिडीची छिद्रे, गाठीच्या खरजेचे डाग कमावलेल्या चामड्यावर स्पष्ट उमटतात आणि प्रत घसरते. ही घसरण कारखानदार दलालाकडून, दलाल खाटकाकडून वसूल करतो. शेवटी ती जिवंत शेळीच्या भावात, पडवीपर्यंत पोचते. शेळी पोसणाऱ्या बाईला मात्र चांगल्या कातड्याचा वेगळा पैसा कधी मिळत नाही.

किरकोळ आजार ओळखण्याचे आणखी एक प्रयोजन आहे: जो किरकोळ नाही तो वेगळा काढता यावा. १९८७ साली तेव्हाच्या दक्षिण अर्काट जिल्ह्यातील अरसूर या गावी मेंढ्यांत एक साथ आली: जोराचा ताप, नाक-डोळ्यांतून घट्ट स्राव, तोंडात आतून व्रण व दुर्गंधी, मग हगवण आणि धाप. गुरांच्या बुळकांडीसारखी दिसणारी ही साथ वेगळी असल्याचे निष्पन्न झाले, आणि पश्चिम आफ्रिकेत १९४२ मध्ये वर्णिलेली शेळ्या-मेंढ्यांची पीपीआर भारतात असल्याची ती पहिली नोंद ठरली. काही वर्षांतच ती देशभर आढळू लागली. गुरांच्या बुळकांडीचे जगातून उच्चाटन झाल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले. पीपीआरच्या उच्चाटनासाठी जगाने २०३० हे वर्ष ठरवले आहे. अरसूरच्या त्याच विषाणूपासून तमिळनाडूत लस तयार झाली, आणि एकदा टोचली की ती काही वर्षे संरक्षण देते. तोंडाबाहेर खपली म्हणजे मावा, तोंडाच्या आत व्रण व सोबत हगवण म्हणजे पीपीआरचा संशय, एवढा भेद ज्या वस्तीत दहा बायकांना ठाऊक असेल तेथे साथीची वर्दी पहिल्याच शेळीवर लागेल, विसाव्या शेळीवर नाही.

यातून शेतमजूर संघटनांपुढे काही अगदी साधी कामे उभी राहतात. पशुवैद्यकीय उपकेंद्राची एक वेळ संध्याकाळची असावी, निदान आठवड्यातून दोन दिवस. फिरत्या पथकाचा १९६२ हा दूरध्वनी क्रमांक वस्तीच्या फलकावर असावा आणि पथक गावच्या मुख्य रस्त्यावर न थांबता वस्तीत यावे. वाटलेल्या प्रत्येक शेळीमागे पहिल्या वर्षीचे जंतनाशक, पीपीआर व देवीची लस आणि विमा हा योजनेचाच भाग असावा. अर्धलीच्या शेळीचा औषधखर्च मालकाने द्यावा हा रिवाज संघटनेने ठरवून घ्यावा. गायरान आणि तलावकाठ मोकळे राहिल्याशिवाय पडवीतील गर्दी कमी होणार नाही, म्हणून ही मागणी जमिनीच्या मागणीपासून तोडता येत नाही. लसीकरणाची तारीख ठरवताना एक गोष्ट मात्र खात्याने पाहिली पाहिजे: ईशान्य मोसमी पाऊस सुरू होण्यापूर्वी, म्हणजे सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत, ती उरकली नाही तर ओल्या पडव्यांतील शेळ्यांपर्यंत पथक पोचेपर्यंत पोंगल येतो.